हार्ट पंप बसवल्यानंतरचा रक्तस्राव: ऑपरेशन चुकलं की हे असंच असतं?

निळाई
नमस्कार मंडळी. एरवी इथे फक्त वाचते, आज लिहायची वेळ आली. बाबांना (वय ६४) हार्ट फेल्युअर आहे, ईएफ (हृदयाची रक्त ढकलायची ताकद, टक्क्यांत) १५ वर आलं होतं, औषधं पुरेनाशी झाली म्हणून शेवटी एलव्हॅड बसवला, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याला मदत करणारा पंप. ऑपरेशन झालं त्याच रात्री छातीतल्या नळ्यांमधून रक्त येणं थांबेना म्हणून त्यांना परत ओटीत नेलं आणि छाती पुन्हा उघडली. त्यातून सावरले, घरी आले, जिना चढायला लागले, आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. आणि आता काळी चिकट शी, हिमोग्लोबिन ६.८, परत अ‍ॅडमिट, परत रक्त चढवणं सुरू.

डॉक्टर म्हणतात या पंपाच्या पेशंटमध्ये असं होतं, घाबरू नका. त्यांनी ॲस्पिरिन बंद केली, वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) दोन दिवस थांबवली. आमच्या नात्यातले एक डॉक्टर आहेत (हृदयाचे नाहीत) ते फोनवर ओरडले की ॲस्पिरिन बंद करू देऊ नका, पंपात गुठळी होईल. घरात दोन पार्ट्या पडल्यात. आईचं म्हणणं ऑपरेशनच नीट झालं नाही, पहिल्या रात्री जे झालं त्याचंच हे पुढचं. कुणाला अनुभव आहे का? दोन्ही रक्तस्राव एकाच कारणाने होतात का? आणि ॲस्पिरिनचं काय करायचं?

वाटसरू_७
बाप रे. काळजी घ्या निळाई. मला यातलं काही कळत नाही पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देतोय.

टिकटिक_नाही
निळाई, मी स्वतः पंपवाला आहे, आयडी बघून कळलंच असेल. पंप बसून काही वर्षं झाली, जुना मॉडेल आहे, हार्टमेट २. पहिलं वर्ष छान गेलं आणि मग नाकातून रक्त यायला लागलं. थेंब थेंब नाही हो, बेसिन लाल. नाकात पॅकिंग करून बसवलं मला, तोंडाने श्वास घेत रात्रभर. त्यानंतर आतड्यातून झालं, दोनदा स्कोप घातला वरून आणि एकदा खालून, काही सापडलं नाही, मग ती गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल दिली तेव्हा लहान आतड्यात सापडलं. तेव्हा वडिलांचं जे चाललंय ते आमच्या बिरादरीत फार नवीन नाही. आईंना सांगा, माझी छाती पहिल्या रात्री उघडली नव्हती, एकदम स्वच्छ ऑपरेशन, तरी मला हे सगळं झालं.

बोलघेवडा
काका तुमचा आयडी आज कळला मला!! इतकी वर्षं वाटायचं घड्याळजी आहात.

टिकटिक_नाही
हाहा. नाडी लागत नाही म्हणून टिकटिक नाही. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ रोज मला मृत घोषित करतं.

शंकासुर
मला एक कळत नाही. 'या पेशंटमध्ये असं होतं' हे ऑपरेशनच्या आधी का सांगत नाहीत? फॉर्मवर सही घेताना बारीक अक्षरात असतं सगळं. आणि पहिल्या रात्री छाती उघडावी लागली म्हणजे कुठेतरी टाका सुटला असणार हे न कळायला आपण काय दूधखुळे आहोत का. निळाई, डिस्चार्ज पेपर आणि ऑपरेशनच्या नोट्स मागून घ्या, हक्क आहे तुमचा.

रात्रपाळी
कार्डियाक सर्जरी आयसीयूत नर्स आहे, हे पेशंट रोज सांभाळते. शंकासुर यांचं नोट्स मागण्याबद्दल एकदम बरोबर. टाका सुटला असणारच, हे मात्र नाही पटलं.

पहिल्या रात्रीचं आधी सांगते. हा पेशंट टेबलावर जातो तेव्हाच त्याचं रक्त नीट गोठत नसतं. हृदय कमजोर, रक्त मागे तुंबलेलं, लिव्हर सुजलेलं, आणि रक्त गोठवणारे बरेचसे घटक लिव्हरच बनवतं. त्यात आधीपासून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात कित्येकांच्या. वर हार्ट-लंग मशीन, त्याच्यासाठी रक्त गोठू नये म्हणून भरपूर हेपॅरिन, मशीनमधल्या द्रवाने रक्त पातळ होतं, प्लेटलेट मशीनच्या नळ्यांतून फिरून फिरून थकतात. शेवटी प्रोटॅमिन देऊन हेपॅरिन उतरवतात पण बाकीचं लगेच भरून येत नाही. आणि कापाकापी किती असते बघा: हृदयाच्या टोकाला गोल भोक पाडून तिथे पंपाचं तोंड बसवतात, आणि पंपातून निघणारी नळी महाधमनीला शिवतात. ज्यांची आधी बायपास झालेली असते त्यांच्यात जुने चिकटलेले पडदे सोडवताना सगळीकडून झिरपत असतं.

त्या रात्री आम्ही दर तासाला ड्रेनच्या बाटलीवर पेनने रेघ मारून वेळ लिहितो. तासाला २०० मिलीच्या वर सलग येत राहिलं की सर्जनला फोन. पण खरी भीती मला वेगळ्या गोष्टीची वाटते, भरपूर येणारं रक्त एकदम थांबलं तर. नातेवाईक खूश होतात की चला थांबलं. आम्ही नाही होत. नळीत गुठळी अडकली असेल तर रक्त आतच साचतं, हृदयाला दाबतं, पंपाला भरायला रक्त मिळत नाही आणि फ्लो, म्हणजे पंपातून मिनिटाला जाणारं रक्त, खाली खाली येतो. तेव्हा छाती उघडून साचलेलं काढणं हाच इलाज. काही वेळा सर्जन पहिल्यांदाच छाती पूर्ण बंद करत नाहीत, आत पॅकिंग ठेवून वरून झाकतात आणि एकदोन दिवसांनी बंद करतात, तेही मुद्दामच.

नोट्समध्ये बघा 'कुठून रक्त येत होतं' याचं काय लिहिलंय. कधी खरंच एखादी जागा सापडते, टाक्यापाशी किंवा एखादी छोटी रक्तवाहिनी. कधी काहीच सापडत नाही, सगळीकडून पाझरत असतं, रक्तच गोठत नसतं. दोन्ही होतं.

निळाई
रात्रपाळी, खूप धन्यवाद. बाबांची आधी बायपास झालेली आहे, ११ वर्षांपूर्वी. हे कुणी असं जोडून सांगितलंच नव्हतं. आणि हो, त्या रात्री आम्हाला आधी सांगितलं की ड्रेन कमी झालंय आणि आम्ही खरंच खूश झालो होतो, मग तासाभरात धावपळ.

हिरवळ
रक्तस्रावावर निसर्गात उत्तम औषधं आहेत. माझ्या ओळखीत एकांनी वनस्पतीच्या कॅप्सूल घेऊन सगळ्या गोळ्या सोडल्या आज ठणठणीत आहेत. हवं असल्यास व्यनि (खासगी निरोप) करा.

रात्रपाळी
हिरवळ, प्लीज नको. वॉरफरिनवरच्या माणसाला काहीही वनस्पतीचं दिलं की आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) कुठल्या कुठे जातो, वर किंवा खाली. आणि पंप असलेल्या माणसाने सगळ्या गोळ्या सोडल्या तर तो ठणठणीत राहत नाही.

बोलघेवडा
व्यनिपर्यंत सगळे आजार बरे होतात. पुढे काय होतं ते कुणी येऊन लिहीत नाही.

डॉ_गोगलगाय
उशिरा आलो. कार्डिओलॉजिस्ट आहे, हार्ट फेल्युअरचंच काम करतो. पेशंट न बघता सल्ला देणार नाही, पण निळाईंचा मूळ प्रश्न चांगला आहे: दोन्ही रक्तस्राव एकाच कारणाचे का? नाहीत. पहिल्या रात्रीचं रात्रपाळीताईंनी सांगितलं, त्यात भर घालण्यासारखं फार नाही. आताचा जो आतड्यातला आहे त्याचं मूळ पंपाच्या चालण्यातच आहे, सर्जनच्या हातात नाही.

आपल्या रक्तात व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं एक प्रथिन असतं. रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेटना तिथे धरून ठेवायचं काम त्याचं. त्याचे लांबच लांब रेणू सगळ्यात कामाचे, आणि ते एरवी लोकरीच्या गुंड्यासारखे गुंडाळलेले असतात. पंपात रक्त प्रचंड वेगाने पात्याजवळून जातं, तिथल्या घासण्याने हे गुंडे उलगडतात, आणि उलगडले की एडीएएमटीएस-१३ नावाचं एन्झाइम त्यांचे तुकडे करतं. तुकडे प्लेटलेट धरायला कमी पडतात. सतत फिरणारा पंप बसवलेल्या जवळजवळ प्रत्येकात हे होतं, अगदी थोड्या दिवसांत. पंप काढला किंवा प्रत्यारोपण झालं की परत नॉर्मल.

मग प्रत्येकाला रक्तस्राव का होत नाही? कारण दुसरी गोष्टही लागते: आतड्याच्या आतल्या अस्तरात फुगलेल्या, नाजूक, वेड्यावाकड्या छोट्या रक्तवाहिन्या. अँजिओडिस्प्लेशिया म्हणतात. नाडीचे ठोके कमी झाल्यावर, रक्त एकसारखं वाहायला लागल्यावर या वाढतात. वय जास्त, किडनी कमजोर, आधी कधी पोटातून रक्त गेलेलं, अशांत जास्त. आणि या सगळ्यावर आपणच वॉरफरिन देतो, कारण पंपात गुठळी नको. म्हणजे रक्त गोठवायची यंत्रणा पंपाने एका बाजूने बिघडवलेली आणि आम्ही दुसऱ्या बाजूने.

सरळरेषा
डॉक्टरसाहेब, हे महाधमनीची झडप अरुंद झालेल्यांमध्ये पण होतं ना? एडवर्ड हाइड नावाच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच लिहून ठेवलं होतं की झडप अरुंद असलेल्या म्हाताऱ्या लोकांत पोटातून रक्त जाताना दिसतं. तेव्हा कारण कुणालाच माहीत नव्हतं. अरुंद जागेतून रक्त जोरात जातं, तोच रेणू तुटतो, आणि झडप बदलली की रक्तस्राव थांबतो. पंपवाल्यांमध्ये रक्त जायला लागलं तेव्हा लोकांना हे जुनं प्रकरण आठवलं असणार.

डॉ_गोगलगाय
अगदी तेच. उत्तम आठवण.

शंकासुर
म्हणजे पंपाचं डिझाइनच असं आहे की रक्त जाणार. मग कंपन्या डिझाइन का सुधारत नाहीत? का चाललंय ना, विकलं जातंय ना, म्हणून?

सरळरेषा
सुधारतायत की. पहिले पंप ठोके देणारे, हृदयासारखेच भरायचे आणि ढकलायचे. २००१ मध्ये रीमॅच नावाचा अभ्यास आला, प्रत्यारोपण शक्य नसलेल्या १२९ पेशंटवर, त्यात एक वर्षाने पंपवाले ५२ टक्के जिवंत आणि फक्त औषधांवरचे २५ टक्के. पण ते पंप अवजड, आणि भाग झिजून बिघडायचे. मग सतत फिरणारे आले, छोटे, टिकाऊ, पण नाडी गेली आणि आतड्यातून रक्त जायला लागलं. आता हार्टमेट ३ मध्ये फिरणारा भाग चुंबकावर अधांतरी तरंगतो, कशाला टेकत नाही, फटी मोठ्या ठेवल्यात म्हणजे रक्त कमी घासलं जावं, आणि दर दोन सेकंदांनी वेग मुद्दाम वरखाली करतात.

मोमेंटम ३ या अभ्यासात १०२८ पेशंट होते, दोन वर्षांत आतड्यातून रक्त गेलेले जुन्या पंपात ३०.९ टक्के आणि नव्यात २४.५. गुठळीचा प्रश्न मात्र नव्या पंपात जवळजवळ मिटला, संशयित गुठळी जुन्यात १३.९ टक्के आणि नव्यात १.४.

शंकासुर
२४.५ म्हणजे चारातला एक. अजूनही. मी म्हणतो ते हेच की चारातल्या एकाला होणारी गोष्ट घरच्यांना काळी शी दिसल्यावर कळते, आधी नाही.

डॉ_गोगलगाय
इथे मी शंकासुरांच्या बाजूने आहे. आम्ही सांगतो, पण ज्या बैठकीत सांगतो त्यात मरणाची शक्यता, पक्षाघात, बॅटऱ्या, इन्फेक्शन सगळं एकत्र सांगतो आणि घरच्यांच्या डोक्यात शिरतं एवढंच की ऑपरेशन केलं तर जगतील. परत परत सांगायला हवं, आणि डिस्चार्जच्या वेळी वेगळं बसवून.

टिकटिक_नाही
मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नव्हतं, आयसीयूतून बाहेर पडायची घाई होती.

धनुकली
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. माझ्या दादाचं नाव प्रत्यारोपणाच्या यादीत आहे, तोवर पंप. त्याला दोनदा आतड्यातून रक्त गेलं आणि रक्त चढवताना आमच्या टीमने खूप हात आखडता घेतला. मी भांडले, म्हटलं माणूस पांढरा पडलाय आणि तुम्ही एकेक पिशवी मोजताय. तेव्हा समजावलं की दुसऱ्याचं रक्त चढवलं की शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं, आणि अशा अँटिबॉडी जितक्या जास्त तितकं जुळणारं हृदय मिळणं अवघड. म्हणून पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त देतात आणि लागेल तेवढंच. शिवेतून लोह दिलं त्याला, हिमोग्लोबिन हळूहळू वर आलं. निळाई, तुमच्या बाबांचं प्रत्यारोपण ठरलंय की पंपच कायमचा?

निळाई
वयामुळे आणि किडनीमुळे पंपच कायमचा असं सध्या तरी. पण हे विचारून ठेवते. त्यांना पहिल्या रात्री बऱ्याच पिशव्या लागल्या होत्या.

रात्रपाळी
पहिल्या रात्री इलाज नसतो गं. तेव्हाही आम्हाला भीती असतेच की भराभर रक्त आणि प्लाझ्मा दिलं की उजवा कप्पा ताणतो, पंप तर फक्त डाव्याला मदत करतो, उजव्याने स्वतःच ओढायचं असतं. पण रक्त वाहत असताना द्यावंच लागतं.

धनुकली
शिवेतून काय लिहिलं मी, शिरेतून!! मोबाईल.

बोलघेवडा
अवांतर: काका, नाडी नाही तर बीपी कसं बघतात तुमचं? दवाखान्यातल्या मशीनचं काय होतं?

टिकटिक_नाही
मशीन फुगतं, सुटतं, परत फुगतं, मग एरर. नव्या नर्सबाई असतील तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. हाताला पट्टा बांधून डॉप्लर लावतात, छोटं पेनसारखं यंत्र असतं त्यातून रक्ताचा सळसळ आवाज येतो, पट्टा सोडत जायचं आणि आवाज जिथे सुरू होतो तो आकडा. वर-खाली असे दोन आकडे नसतात, एकच. माझा ८० च्या आसपास ठेवतात. एकदा रस्त्यात चक्कर येऊन बसलो तर एका भल्या माणसाने नाडी बघितली आणि बोंब मारली की गेला. मी डोळे उघडून म्हटलं अजून नाही. आता गळ्यात कार्ड घालून फिरतो, त्यावर लिहिलंय नाडी लागणार नाही, पंपाची घरघर ऐका, कंट्रोलर (पंप चालवणारा बाहेरचा डबा) तपासा, आणि या नंबरवर फोन करा.

अनामिक_मी
बीपीचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझ्या पत्नीला पंप होता. पोटातून कधी रक्त गेलं नाही तिचं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तिचं बीपी जास्त राहायचं, ९५ च्या वर, आणि एका संध्याकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. ती म्हणाली जरा पडते. मेंदूत रक्तस्राव होता. हे मुद्दाम लिहितोय की पंप आणि वॉरफरिनवर असलेल्या माणसाचं नेहमीपेक्षा वेगळं, जोरात डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, उलटी झाली किंवा डोक्यावर पडला, मग वर खूण दिसो न दिसो, तर थांबायचं नाही. लगेच निघायचं, सीटी करायचा. पोटातल्या रक्ताला वेळ मिळतो. याला नाही.

निळाई
काका/दादा, काय लिहू कळत नाहीये. तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. बाबांचं बीपी घरी कुणी बघतच नाही, मशीनमध्ये येत नाही म्हणून सोडून दिलं होतं आम्ही. डॉप्लर घरी ठेवता येतो का विचारते.

डॉ_गोगलगाय
अनामिक_मी, वाईट वाटलं वाचून. तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द बरोबर आहे. आम्ही साधारण ७० ते ८५ मध्ये ठेवायचा प्रयत्न करतो, ९० च्या वर जाऊ देत नाही, त्यामागे हेच.

वाटसरू_७
मूळ प्रश्न राहिला की. ॲस्पिरिन?

सरळरेषा
ॲस्पिरिन काढायचीच. २०२३ मध्ये एरीज म्हणून अभ्यास आला, ६२८ पेशंट, निम्म्यांना वॉरफरिनसोबत ॲस्पिरिन आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या. ॲस्पिरिन नसलेल्यांत रक्तस्राव ३४ टक्के कमी आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. विषय संपला.

टिकटिक_नाही
सरळरेषा, विषय संपला नाही. तो अभ्यास हार्टमेट ३ वाल्यांवर होता. माझ्या पंपाला तो लागू नाही, मी विचारलंय. तुमचं वाचून माझ्यासारख्या कुणी आज रात्री गोळी फेकली तर?

सरळरेषा
मान्य, पण निळाईंच्या बाबांचा नवीनच असणार ना, आत्ता बसवलाय.

डॉ_गोगलगाय
बहुतेक, पण विचारून खात्री करा, कार्डावर लिहिलेलं असतं. आणि अजून एक अट आहे. ज्यांना ॲस्पिरिन दुसऱ्या कारणासाठी लागत होती, म्हणजे नुकताच स्टेंट वगैरे, ते त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. निळाईंच्या बाबांची बायपास झालीय, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी तोलूनच निर्णय घेतला असेल. रक्त जात असताना तर ॲस्पिरिन आम्ही कुठल्याही पंपात थांबवतो, ती पुन्हा सुरू करायची का हा नंतरचा प्रश्न.

नात्यातल्या डॉक्टरांवर चिडू नका. आमच्या पिढीने वॉरफरिन अधिक ॲस्पिरिन हेच शिकलंय, आणि जुन्या पंपांत गुठळी ही खरोखर मोठी भीती होती. पंपात गुठळी झाली की वीज जास्त ओढली जाते, रक्तपेशी फुटतात, लघवी गडद होते, आणि कधी पंप बदलावा लागतो.

वॉरफरिन मात्र बहुतेकांची परत सुरू होते. आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये, वारंवार रक्त जाणाऱ्यांचा थोडा खालच्या बाजूला ठेवतात. रक्त जातंय म्हणून व्हिटॅमिन के चा मोठा डोस देऊन आयएनआर एकदम पाडायलाही आम्ही कचरतो, कारण मग दुसऱ्या टोकाला जायला होतं.

निळाई
अपडेट. पंप हार्टमेट ३ च आहे, कार्ड बघितलं. वरून स्कोप झाला, जठरात काही नाही. काल कॅप्सूल दिली, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात दोन-तीन ठिकाणी त्या फुगलेल्या वाहिन्या दिसल्या, एकातून झिरपत होतं. उद्या लांब स्कोप घालून त्या जाळणार आहेत, आरगॉन की काहीतरी. त्यानंतर परत रक्त जाऊ नये म्हणून महिन्यातून एकदा घ्यायचं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन सुचवलंय.

एक गोष्ट विचारायची राहिली. कंट्रोलरवर फ्लो सारखा बदलताना दिसत होता, रक्त गेलं त्या आठवड्यात. ४.२ चा ३.४ वगैरे. आणि रात्री लो फ्लोचा अलार्म वाजला होता एकदा, आम्ही पाणी पाजलं आणि थांबला. तेव्हाच कळायला हवं होतं का?

रात्रपाळी
अलार्म वाजला की पंप टीमला फोन, पाणी पाजून थांबला तरी. शरीरातलं रक्त कमी झालं की पंपाला ओढायला कमी मिळतं, म्हणून फ्लो पडतो. जुलाब, उलट्या, कमी पाणी, रक्तस्राव, सगळ्यात स्क्रीनवर तेच दिसतं. त्यामुळे फ्लो पडला की शीचा रंग विचारायचा हा माझा ठरलेला प्रश्न आहे, लोक लाजतात.

आणि तो फ्लो मोजलेला नसतो बरं का, अंदाज असतो. वेग, वीज आणि पेशंटचं हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के ते) यावरून काढलेला. हिमॅटोक्रिट आम्ही हाताने भरतो सिस्टिममध्ये. रक्त जाऊन पातळ झालं आणि आत जुनाच आकडा राहिला तर दिसणारा फ्लो खोटा. तेव्हा अ‍ॅडमिट आहात तोवर एकदा विचारून घ्या नवा आकडा भरलाय का.

टिकटिक_नाही
हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं!! उद्याच विचारतो.

धनुकली
शीच्या रंगावरून: दादाला लोहाच्या गोळ्या चालू होत्या तेव्हा शी काळीच यायची आणि आम्ही प्रत्येक वेळी घाबरायचो. फरक असा सांगितला की लोहाची काळी शी घट्ट असते, हिरवट छटेची, आणि रक्ताची चिकट, पाण्याने सहज धुतली न जाणारी आणि वास फार घाणेरडा. पण खात्री हिमोग्लोबिन बघूनच.

बोलघेवडा
धागा कुठून कुठे आला. माहितीपूर्ण मात्र जबरदस्त. वाचनखूण साठवली.

शंकासुर
निळाई, नोट्स मिळाल्या का?

निळाई
मिळाल्या. एका ओळखीच्या सर्जनना दाखवल्या. लिहिलंय की हृदयाभोवती गुठळ्या साचल्या होत्या त्या काढल्या, पंपाच्या आणि नळीच्या टाक्यांपाशी रक्त येत नव्हतं, जुन्या चिकटलेल्या जागांमधून आणि हाडाच्या कडेने सगळीकडून झिरपत होतं. आईला वाचून दाखवलं. तिचं पूर्ण समाधान झालंय असं नाही म्हणणार, पण ओरडणं थांबलंय. आता तिचा राग नात्यातल्या डॉक्टरांवर वळलाय.

शंकासुर, तुमचा हॉस्पिटलवरचा संशय मला पूर्ण पटला नाही, पण नोट्स मागायचं तुम्ही सुचवलं नसतं तर आम्ही अजून भांडत बसलो असतो.

शंकासुर
एवढं पुरे आहे. 😊

रात्रपाळी
जाळल्यानंतर परत होऊ शकतं हे मनाची तयारी म्हणून सांगून ठेवते. एका जागेचं बंद केलं तरी दुसरीकडे नवीन तयार होतात, बऱ्याच जणांना परत यावं लागतं. घरी तीन गोष्टी लक्षात ठेवा: दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीची कुठलीच गोळी नाही, कुणीही नवीन अँटिबायोटिक लिहिली की दोनतीन दिवसांत आयएनआर, आणि नाकात कोरडं वाटत असेल तर सलाईनचे थेंब. नाकाचं हलकं घेऊ नका, काकांचं बेसिन आठवा.

टिकटिक_नाही
माझं बेसिन आता प्रसिद्ध झालं.

वाटसरू_७
दातांचं काय? माझ्या सासऱ्यांना पंप नाही पण वॉरफरिन आहे, दात काढायचाय, डेंटिस्ट म्हणतात पाच दिवस गोळी बंद करून या. पंपवाल्यांनाही असंच सांगतात का?

डॉ_गोगलगाय
पंपवाल्यांनी डेंटिस्टच्या सांगण्यावरून वॉरफरिन अजिबात बंद करायची नाही, आधी पंप टीमला फोन. एखादा दात बहुतेक वेळा आयएनआर बघून, गोळी चालू ठेवूनच, जागेवर दाबून आणि टाके घालून काढता येतो. तुमच्या सासऱ्यांना वॉरफरिन कशासाठी आहे त्यावर ठरेल. कृत्रिम झडप असेल तर त्यांच्या कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय पाच दिवस सोडू नका.

वाटसरू_७
झडपच आहे. उद्याची अपॉइंटमेंट रद्द करतो.